गोळ्यांची भिशी

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

आज पॅकिंग सेक्शनमध्ये ड्रमला झाकण लावता लावता एक कल्पना सुचली आणि मी झाकण हातात धरून उभाच राहिलो. सुपरवायझरने विचारलं, कैलासराव, बरं वाटत नाहीये का? म्हटलं, इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

कल्पना अशी. आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी फ्रिजवर, देव्हाऱ्यामागे, शिवणाच्या डब्यात अँटिबायोटिकच्या अर्ध्यामुर्ध्या स्ट्रिप पडलेल्या असतात. घसा धरला, दोन गोळ्या घेतल्या, घसा सुटला, उरलेल्या पडून. आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावरचा माणूस तोच घसा घेऊन डॉक्टरच्या दारात ताटकळत बसलेला. केवढा राष्ट्रीय अपव्यय! बायका पैशांची भिशी लावतात, मग गोळ्यांची का नको? उरल्या त्याने टाकाव्या, लागल्या त्याने उचलाव्या. खजिनदार मी.

मीच, कारण बोईसरच्या या भागात माझ्याइतका अधिकारी माणूस नाही. वीसेक वर्षं तारापूर एमआयडीसीत अँटिबायोटिकची पावडर ड्रममध्ये भरतोय. डॉक्टर लोक औषध पुस्तकात वाचतात. आम्ही ते नाकाने ओळखतो. बिल्डिंगमध्ये मला डॉक्टर म्हणतातच. पहिल्यांदा तळमजल्यावरचे कृष्णकांत चेष्टेने म्हणाले होते, पण चेष्टा जुनी झाली की तिची पदवी होते.

सुगंधाला सांगितलं. बायको म्हणून तिने आनंदाने उडी मारायला हवी होती. तिने विचारलं, गोळ्या ठेवणार कशात?

रविवार, २ नोव्हेंबर

मसाल्याच्या डब्यात. स्टेनलेस स्टील, सात वाट्या, वर घट्ट झाकण. कंपनीतसुद्धा एवढं चांगलं कंटेनर नाही. हळद, तिखट, जिरं वगैरे मंडळींना प्लास्टिकच्या पिशव्यांत हलवलं. सुगंधा सकाळपासून माझ्याशी बोलत नाही. इतिहासात असं होतंच.

भिशीचा मुख्य नियम तयार केला: बरं वाटलं की ताबडतोब थांबायचं आणि उरलेला माल त्याच दिवशी जमा करायचा. डॉक्टर पाच-सात दिवसांचा कोर्स लिहून देतात तो उगाच. जंतूंचं शास्त्र मला कंपनीच्या गेटवर कळलंय. संपात दोन पुढाऱ्यांना उचललं की बाकीचे चहा पिऊन घरी जातात. जंतूंचंही तेच. पहिल्या दोन गोळ्या पुढाऱ्यांना. पुढच्या आठ गोळ्या कोणाला मारणार? रिकाम्या गेटला?

हा विचार आजवर कोणाच्या डोक्यात कसा आला नाही, याचंच नवल वाटतं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

उदंड प्रतिसाद! गोजराबाई पदरात भरून घेऊन आल्या. त्या कामगारांची खानावळ चालवतात. पोरं गावी जाताना खोलीत गोळ्या टाकून जातात, त्या त्यांनी वर्षभर जमवल्या होत्या. मला अशी दूरदृष्टी आवडते.

एकच तांत्रिक अडचण. लोक स्ट्रिप कात्रीने कापून देतात, त्यामुळे नाव एकीकडे, तारीख दुसरीकडे आणि गोळी तिसरीकडे. म्हणून रंगावर वर्गीकरण केलं. वरच्या वाट्या कमरेच्या वरच्या आजारांना, खालच्या वाट्या कमरेच्या खालच्या. पिवळी कॅप्सूल लघवीसाठी, हे तर रंगावरूनच उघड आहे. गुलाबी गोळी मधल्या वाटीत ठेवली. ती कुठेही चालावी.

कृष्णकांत पहिले लाभार्थी. लघवीला आग. दोन पिवळ्या दिल्या. डब्याला अजून हळदीचा वास येतो अशी त्यांची तक्रार. त्यांना म्हटलं, हळद जंतुनाशक असते, तिचा चार्ज लावलेला नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

साप्ताहिक सुट्टी. माई आल्या.

माई म्हणजे सुगंधाची आई. समुद्रकाठच्या दातिवऱ्याच्या. घराचा जुना संडास पाडून नवा बांधायला काढलाय म्हणून तो होईपर्यंत इथे. पण जीव सगळा तिकडे, कारण बोंबलांचा हंगाम आलाय आणि माईंच्या वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या बांबूंवर, दुसरं कोणी बोंबील वाळत घातले तर त्यांना झोप लागत नाही. आल्या आल्या खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, हितं समुद्र नाय, वाराबी नाय, मानसं रातात कशी?

लग्नापासून आजतागायत माई माझ्याशी थेट बोललेल्या नाहीत. समोर बसलो असलो तरी सुगंधामार्फत बोलतात. सांग तुज्या नवऱ्याला, पंखा बारीक कर. मी पंख्याखालीच असतो. सुरुवातीला वाटायचं की हा कोळीवाड्यातला मान देण्याचा प्रकार असेल. सुगंधा म्हणाली, नाही, तुम्ही त्यांना आवडत नाही.

आमच्याकडे कमोड आहे. माईंनी तो पाहून सांगितलं की खुर्चीवर बसून हे काम त्या करणार नाहीत. मग फार वेळा जायला लागू नये म्हणून पाणी पिणंच सोडलंय. बाईंचा निर्धार दांडगा.

सोमवार, १० नोव्हेंबर

कृष्णकांत परत आले. तीच आग. परत दोन पिवळ्या. जाताना म्हणाले, मागच्या वेळी दोन दिवस बरं होतं हो. बघा! पुन्हा आपल्याकडेच आले. ग्राहकाचा विश्वास म्हणतात तो हाच.

गोजराबाईंच्या खानावळीतला एकजण आला. भाईसाब, गॅस की गोली है क्या, म्हणून. नव्हती. गुलाबी दिली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

माईंना लघवीला जळजळ. सुगंधाला कानात सांगितलं, सुगंधाने मला सांगितलं आणि वर म्हणाली, उद्या हॉस्पिटलातल्या डॉ. दीपालीकडे नेते.

मी शांतपणे डबा काढला. घरात विहीर असताना टँकर कशाला मागवायचा? माईंचा निरोप सुगंधामार्फत आला, सांग तुज्या नवऱ्याला, मी काय त्याच्या कारखान्यातला ड्रम नाय. पण जळजळ फार होती. शेवटी घेतली. संध्याकाळी एक, सकाळी एक असं ठरलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

बरं वाटतंय! माईंनी स्वतः सुगंधाला सांगितलं की आग कमी हाय. मी दारामागून ऐकलं. आयुष्यातल्या सर्वोच्च क्षणांपैकी एक. नियमाप्रमाणे औषध तिथेच थांबवलं आणि ठेवणीतल्या दोन कॅप्सूल परत वाटीत.

सासूबाईंना बरं करणारे जावई किती असतील?

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज मलाच जरा जळजळ. पॅकिंगमध्ये पाणी कमी पितो, त्याने असेल. खजिनदाराने मालाची तपासणी करायलाच हवी या भावनेने एक पिवळी घेतली. भावना महत्त्वाची.

कृष्णकांत तिसऱ्यांदा आले. विश्वास वाढतोय.

मोठी बातमी: समोरच्या ‘सागर दर्शन’ बिल्डिंगने दुसरी शाखा मागितली आहे. (तिथून सागर दिसत नाही. दिसतो तो आमचा जिना.) येत्या शुक्रवारी उद्घाटन. मला चार शब्द बोलायचे आहेत. चार शब्दांत मावेल असं माझं कार्य नाही, ही अडचण.

सोमवार, १७ नोव्हेंबर

माईंना परत त्रास. या वेळी कंबरही दुखते आणि अंगात कणकण. सुगंधा म्हणाली, आता डॉक्टर. मी म्हटलं, घाई नको, जंतूंचा दुसऱ्या फळीचा पुढारी असेल. आता दुहेरी हल्ला: सकाळी पिवळी, संध्याकाळी गुलाबी. सुगंधाने विचारलं, ही गुलाबी कसली आहे? म्हटलं, गोजराबाईंची.

डॉक्टरकडे शुक्रवारी उद्घाटन झालं की नेऊ असं कबूल केलं. मी कोणाचं मन मोडत नाही.

भाषणाची पहिली ओळ तयार: ‘बंधूंनो आणि भगिनींनो, गोळी ही देशाची संपत्ती आहे.’

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज जे घडलं ते मुद्दाम लाल शाईने लिहितोय.

कामावरून आलो. माई हॉलमध्ये बसल्या होत्या. माझ्याकडे पाहिलं. थेट माझ्याकडे. आणि हसल्या. मग म्हणाल्या, या तांडेल, बसा.

तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. वारा, जाळं, माणसं, सगळं त्याच्या शब्दावर. समुद्रकाठी याहून मोठा किताब नाही. आणि तो मला! सुगंधामार्फत नाही, समक्ष! मी बसलो. माझ्यासाठी त्यांनी जागासुद्धा पुसली.

सुगंधा म्हणाली, आई असं का बोलतेय? मी म्हटलं, उशिरा का होईना, कळलं त्यांना. औषधाचा गुण शरीरावरच येतो असं नाही, स्वभावावरही येतो. भाषणात घ्यावं का?

गुरुवार, २० नोव्हेंबर

प्रेमाला भरती आलीय. सकाळी जेवणाचा डबा घेऊन कामावर निघालो तर माईंनी माझं मनगट धरलं. हात चांगलाच गरम. म्हणाल्या, तांडेल, वारा फिरला हाय, बोट भायेर नेऊ नका. काय सूचक बोलणं! मी याचा अर्थ असा घेतला की सुपरवायझरशी आज वाद घालू नये. घातला नाही. दिवस सुरळीत गेला.

संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. कालही नव्हत्या जेवल्या म्हणे. हॉलच्या फरशीवरून काहीतरी उचलत होत्या, एकेक, निवडून. फरशीवर काही नव्हतं. सुगंधा रडायला लागली, म्हणाली, आई बोंबील निवडतेय. तिला समजावलं की माणसाला गावाची आठवण येते. पण ती ऐकेना. आत्ता चला दवाखान्यात, म्हणाली. म्हटलं, उद्या दुपारी नक्की, सकाळी लोक येणार आहेत, हार आणलाय.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी भाषणाची उजळणी बाथरूममध्ये जाऊन केली. तिथे जळजळही झाली.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. सकाळ

उद्घाटनाचा दिवस! दाढी, इस्त्रीचा शर्ट. माई झोपल्यात, उठवलं नाही. मोबाईल सायलेंट. थोर प्रसंगी फोन वाजलेला बरा दिसत नाही.

त्याच दिवशी, दुपार. सरकारी नव्हे, खासगी हॉस्पिटलचा बाकडा

भाषण रंगलं होतं. ‘गोळी ही देशाची संपत्ती’ला टाळ्या. तेवढ्यात ‘सागर दर्शन’च्या जिन्यातून मला आमचा जिना दिसला. रिक्षावाला कमलेश आणि सुगंधा माईंना चादरीत धरून खाली आणत होते. माईंची मान एका बाजूला पडली होती. मी हात हलवला. सुगंधाने वर पाहिलंच नाही.

गळ्यात हार तसाच, धावत रिक्षामागे गेलो. रिक्षा निघून गेली. कृष्णकांतांच्या स्कूटरवर आलो.

डॉ. दीपाली म्हणाल्या, लघवीचं इन्फेक्शन रक्तात उतरलंय, बीपी खाली गेलंय, आयसीयूत घेतोय. मी सांगितलं, असं कसं, कालच तर त्या इतक्या प्रेमाने बोलत होत्या. डॉक्टरांनी विचारलं, काय बोलत होत्या? मी अभिमानाने सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसांना हे इन्फेक्शन चढलं की भ्रम होतो. ते माणूस ओळखत नाहीत. तुमच्या जागी त्यांना दुसरं कोणीतरी दिसत असेल.

सुगंधा म्हणाली, माझे वडील तांडेल होते.

मी हार काढून पिशवीत ठेवला.

त्याच दिवशी, संध्याकाळ

डॉक्टरांनी विचारलं, आजवर कोणती औषधं दिलीत? स्ट्रिप आणा. मी घरून डबाच आणला. पूर्ण माहिती द्यावी या मताचा आहे मी. डॉ. दीपालींनी झाकण उघडलं आणि एकेक करून सातही वाट्या पाहिल्या. मग विचारलं, यातली नेमकी कोणती? म्हटलं, पिवळी. त्यांनी विचारलं, या वाटीत तीन वेगवेगळ्या पिवळ्या आहेत, त्यांतली कोणती? त्या तीन आहेत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

किती दिवस दिली हेही विचारलं. मी नियम समजावून सांगितला, पुढाऱ्यांसकट. नर्सने तोंड फिरवलं. तिच्या खांद्यांवरून वाटलं की ती हसत असावी, पण डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, दोन गोळ्यांनी पुढारी मरत नाहीत, कैलासराव. दुबळे जंतू मरतात. दांडगे उरतात. त्यांना तुमच्या गोळीची ओळख होते आणि मग त्यांचीच प्रजा वाढते. तुम्ही औषध दिलं नाहीत, तुम्ही त्यांना ट्रेनिंग दिलंत.

एरवी ट्रेनिंग हा शब्द मला आवडतो.

शनिवार, २२ नोव्हेंबर

लघवीचं कल्चर लावलंय. म्हणजे जंतू बशीत वाढवायचे आणि एकेक औषध लावून बघायचं, मरतात का. वेळ लागतो. मी लॅबवाल्याला म्हटलं, तारापूरमध्ये आमची क्यूसी लॅब संध्याकाळपर्यंत रिपोर्ट देते. तो म्हणाला, तुमची पावडर वाढायची वाट बघावी लागत नाही, काका.

तोवर अंदाजाने एक इंजेक्शन सुरू. ताप उतरत नाही.

दुपारी मला दोन मिनिटं आत सोडलं. नळ्या, मशीन, आणि मधोमध माई एवढ्याशा. डोळे उघडे होते. माझं मनगट धरून म्हणाल्या, तांडेल, पोरं उतरली का समदी? मी त्यांच्या कानाशी वाकलो. मग म्हटलं, उतरली, माई. सगळी सुखरूप आहेत. त्यांनी विचारलं, पानी लई हाय ना वर? म्हटलं, होतं, आता ओसरलं. मग त्यांनी हात सोडला आणि डोळे मिटले. मशीनची टिकटिक चालू होती, ती मी दाराबाहेर उभा राहून ऐकत राहिलो.

मला भीती वाटली. खूप वाटली. इथे वाचायला कोणी नाही म्हणून लिहितो, ही बाई गेली तर सुगंधाला तोंड कसं दाखवू, हे मला माहीत नाही.

सुगंधा आज दिवसभरात माझ्याशी एकच वाक्य बोलली. चहा घ्या, असं. ते जास्त लागलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

रिपोर्ट आला. पिवळी चालत नाही. तिन्ही पिवळ्या चालत नाहीत. गुलाबी तर नाहीच. आणि ज्या पावडरीचे ड्रम मी वीसेक वर्षं भरतोय ती रिपोर्टवर नावानिशी होती. तीही चालत नाही. हे जंतू तिच्यात पावसाळी सहलीला गेल्यासारखे डुंबले असते, असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा तसा होता.

एक इंजेक्शन लागू पडतंय. एकच. ते आजपासून सुरू. लागू पडलं नाही तर, असं मी विचारणार होतो. विचारलं नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

ताप उतरला!!! बीपी वर! सुगंधा कॉरिडॉरमध्ये मला येऊन धडकली आणि माझ्या शर्टात तोंड खुपसून रडली. मीही रडलो, पण मास्क लावलेला होता म्हणून कोणाला दिसलं नसावं. मास्क कंपनीचा होता, चांगल्या क्वालिटीचा.

माईंना जनरल वॉर्डात आणलं. मी समोर उभा राहिलो. शर्ट नीट केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुगंधाकडे वळून म्हणाल्या, सांग तुज्या नवऱ्याला, हितं उबा राहून वारा अडवू नको.

तांडेल गेला. कधी आला होता हेही त्यांना आठवत नाही. सुगंधाने मुद्दाम विचारलं. माई म्हणाल्या, ह्यो नि तांडेल? ह्याला व्हडीत बसवलं तर वांत्या काढील.

खरं आहे. केळव्याला एकदा काढल्या होत्या.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

भिशीची विशेष सभा. मी गौरवाने राजीनामा द्यायला उभा राहिलो, पण लोकांनी मला आधीच काढलं होतं असं कळलं. हरकत नाही. कृष्णकांतांनी सभेतच जाहीर केलं की डॉ. दीपालींनी त्यांनाही लघवीची तपासणी सांगितलीय. मग गोजराबाईंनी हळूच विचारलं, मला पण दोनदा दिल्या होत्या, मी जाऊ का? मग आणखी दोघे उठले. आज लॅबसमोर आमच्या बिल्डिंगची रांग होती. प्रत्येकाच्या हातात झाकणाची डबी, प्रत्येकजण दुसरीकडे पाहत होता. ‘सागर दर्शन’ने मात्र शाखा सुरू होण्याआधीच बंद केली. त्यांचं नशीब.

डब्यातल्या गोळ्या डॉक्टरांकडे जमा केल्या. सुगंधाने डबा गरम पाण्यात उकळला, नंतर उन्हात ठेवला आणि शेवटी भंगारवाल्याला दिला.

डॉ. दीपालींनी जाता जाता विचारलं, तुम्ही इथे बसल्या बसल्या एवढ्या वेळा बाथरूमला का जाता? मी म्हटलं, टेन्शन. त्यांनी माझ्या हातातही डबी दिली.

सोमवार, १ डिसेंबर

माझा रिपोर्ट. माझे जंतूही पिवळीला दाद देत नाहीत. पण माईंच्या जंतूंइतके ते पुढे गेलेले नाहीत, एक साधी गोळी अजून चालते. सकाळ-संध्याकाळ, पूर्ण कोर्स, मध्ये सोडायचं नाही. सोडली तर पुढच्या वेळी तुम्ही आयसीयूत आणि सासूबाई बाकड्यावर, असं डॉक्टर म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, मला शिकवायची गरज नाही, मी आता या विषयातला अनुभवी माणूस आहे.

माईंना घरी आणलं. दातिवऱ्याचा संडास तयार झालाय. उद्या-परवा त्या निघणार. पिशवी भरून दाराशी ठेवलीय.

मंगळवार, २ डिसेंबर

अवघ्या दोन गोळ्यांत जळजळ पूर्ण गेली. काय गुण आहे!

आता खाजगीत लिहितो. एवढी प्रभावी गोळी, आणि उरलेली सगळी निरोगी पोटात घालायची? जगात एकच गोळी चालते म्हटल्यावर चार जपून ठेवणं हे सामाजिक कर्तव्य नाही का? भिशी नाही. भिशी संपली. फक्त एक आपत्कालीन राखीव साठा. सुगंधासमोर गोळी तोंडात टाकायची, गालात धरायची, बेसिनशी जाऊन कागदात काढायची. उद्यापासून सुरू.

बुधवार, ३ डिसेंबर

सकाळी योजना अमलात आणली. गोळी तोंडात, पाणी, गालात, बेसिन. कागद खिशात जाणार तोच मागे माई उभ्या.

त्यांनी कागद घेतला. उघडला. ओली गोळी पाहिली. सुगंधाला हाक मारतील असं वाटलं, मी मनाची तयारी केली. मारली नाही. ग्लासात पाणी भरलं आणि गोळी माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, घ्या तुमी.

घेतली.

पिशवी दारापासून उचलून त्या आत घेऊन गेल्या.

गुरुवार, ४ डिसेंबर

दातिवऱ्याहून भागीचा फोन. भागी म्हणजे माईंची भावजय. स्पीकरवर होता म्हणून सगळं ऐकलं. बोंबील लागलेत, वलांडी बांधून झाली, माणसं विचारतायत, तू कवा येतेस? माईंचा जीव किती तिकडे आहे ते मला ठाऊक आहे. खिडकीतून आमच्या पार्किंगकडे बघतानासुद्धा त्या वाऱ्याची दिशा सांगतात.

त्या म्हणाल्या, आता नाय येत. जावयाच्या गोळ्या संपल्या का येतें. मदीच सोडल्या तर हा मानूस जाईल.

भागी म्हणाली, अगं बोंबील कोण वाळत घालणार? माई म्हणाल्या, घाल तू. तुला येत नाय, पन घाल.

फोन ठेवला. घड्याळ पाहिलं. पाण्याचा ग्लास आणि गोळी घेऊन माझ्यासमोर आल्या. मी गोळी घेतली, पाणी प्यायलो, झालं म्हणून उठू लागलो. म्हणाल्या, बसा. आ करा.

केला.

म्हणाल्या, जीब उचला.

उचलली.